घन पदार्थात इलेक्ट्रॉन कसा भरकटतो: मॉन्टे कार्लो सिम्युलेशन स्वतः लिहिताना

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा झोत नमुन्यावर पडतो तेव्हा त्याची जाडी काही नॅनोमीटर असते. पण आत शिरलेले इलेक्ट्रॉन पसरत पसरत मायक्रोमीटरभर जागा व्यापतात. एक्स-रे किती खोलीवरून आले, मागे परतलेले इलेक्ट्रॉन कुठून निघाले, लिथोग्राफीत (झोताने नक्षी काढताना) शेजारच्या रेषेला किती डोस लागला, या सगळ्यांची उत्तरं त्या पसरण्यात असतात. ते मोजायला मॉन्टे कार्लो पद्धतीसारखं, म्हणजे यादृच्छिक अंकांनी एकेका इलेक्ट्रॉनची वाट पुन्हा पुन्हा काढण्यासारखं, दुसरं साधन नाही. मूळ प्रोग्रॅम शंभर-दीडशे ओळींत बसतो. मेहनत लागते ती प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करायला, कारण चुकीचा प्रोग्रॅमही दिसायला तितकंच सुंदर नाशपातीच्या आकाराचं चित्र काढतो.

इथे दिलेलं मॉडेल एकेरी विखुरणाचं आहे, म्हणजे प्रत्येक इलास्टिक (ऊर्जा जवळपास न गमावणारी) टक्कर वेगळी मोजायची आणि ऊर्जेचा ऱ्हास मात्र वाटेत सलग होतो असं धरायचं. 5 ते 30 केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) झोतासाठी आणि हलक्या ते मध्यम मूलद्रव्यांसाठी ते चांगलं चालतं. कुठे चालत नाही ते पुढे येईलच.

आधी एकक ठरवा

या क्षेत्रातली जुनी सूत्रं ऊर्जा केईव्हीत, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये मागतात. प्रोग्रॅमच्या आत तेच ठेवा आणि नॅनोमीटर फक्त छापताना करा. मधेच एखाद्या फंक्शनमध्ये एकक बदललं की चूक शोधायला दिवस जातो. खाली ऊ म्हणजे इलेक्ट्रॉनची त्या क्षणाची ऊर्जा, क्र अणुक्रमांक, भा अणुभार, घ घनता आणि र म्हणजे 0 ते 1 मधला यादृच्छिक अंक. सूत्रात र जितक्या वेळा येईल तितक्या वेळा नवा अंक काढायचा.

किती अंतर चालेल, किती वळेल

अणुकेंद्रकाजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतो पण ऊर्जा जवळपास गमावत नाही. केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याचा प्रभार काही अंशी झाकतात, म्हणून साध्या रदरफर्ड सूत्रात स्क्रीनिंगचा आकडा घालावा लागतो:

अल्फा = 0.0034 × क्र^0.67 / ऊ

सिग्मा = 5.21 × 10⁻²¹ × (क्र² / ऊ²) × (4 × पाय) / (अल्फा × (1 + अल्फा)) × ((ऊ + 511) / (ऊ + 1024))²

सिग्मा हा एका अणूचा क्रॉस सेक्शन, म्हणजे टक्करीसाठी तो किती क्षेत्रफळ अडवतो ते, चौरस सेंटिमीटरमध्ये. त्यावरून सरासरी मुक्त मार्ग, म्हणजे दोन टक्करींमधलं सरासरी अंतर:

लॅम्डा = भा / (6.022 × 10²³ × घ × सिग्मा)

आणि प्रत्यक्ष पाऊल:

पाऊल = −लॅम्डा × लॉग(1 − र)

लॉग नैसर्गिक आहे. इथे र ऐवजी 1 − र घेतलंय ते मुद्दाम. बहुतेक भाषांतली यादृच्छिक फंक्शनं 0 देऊ शकतात पण 1 देत नाहीत. लाखो पावलांत कधीतरी शून्य येतं, लॉग अनंताला जातो आणि एक इलेक्ट्रॉन नमुन्याबाहेर कुठेतरी हरवतो. मग सरासरी खोली अनंत छापली जाते आणि कारण सापडत नाही.

पुढे जाण्याआधी इथेच थांबून आकडे ताडून पाहा. सिलिकॉनसाठी (क्र 14, भा 28.086, घ 2.33) 20 केईव्हीला अल्फा सुमारे 0.001 आणि लॅम्डा सुमारे 24 नॅनोमीटर यायला हवा. सोन्यासाठी (क्र 79, भा 196.97, घ 19.3) त्याच ऊर्जेला लॅम्डा सुमारे 2 नॅनोमीटर. हे दोन आकडे जुळले नाहीत तर बाकीचं काही लिहू नका. घात चुकला असेल किंवा ऊ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये गेला असेल.

विखुरण्याचा कोन काढताना थेट कोसाइन न काढता त्याची 1 पासूनची तूट काढावी:

तूट = 2 × अल्फा × र / (1 + अल्फा − र)

को = 1 − तूट

सा = √(तूट × (2 − तूट))

को म्हणजे कोनाचा कोसाइन, सा म्हणजे साइन. कोन बहुधा लहान असतात, त्यामुळे को 1 च्या अगदी जवळ असतो. 1 − को² असं करून साइन काढला तर दोन जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत अचूकता गळते, आणि सिंगल प्रिसिजनमध्ये, विशेषतः ग्राफिक्स कार्डावर चालवताना, हा फरक दिसू लागतो. तुटीवरून काढलेला साइन या अडचणीतून सुटतो.

कोनाचीही चाचणी घ्या. सिलिकॉनला 20 केईव्हीला एक लाख कोन काढून त्यांचा मध्यक पाहिला तर तो सुमारे 3.6 अंश यावा, आणि तुटीची सरासरी सुमारे 0.0118. ही सरासरी सूत्रानेही निघते: 2 × अल्फा × ((1 + अल्फा) × लॉग((1 + अल्फा) / अल्फा) − 1). मध्यक इतका लहान आणि तरी काही इलेक्ट्रॉन सरळ मागे फिरतात, हे या वितरणाचं वैशिष्ट्य. लॅम्डाला तुटीच्या सरासरीने भागलं तर सुमारे 2 मायक्रोमीटर येतात. इलेक्ट्रॉन आपली मूळ दिशा साधारण तेवढ्या प्रवासानंतर विसरतो. चित्रातल्या आकाराचं मूळ याच लांबीत आहे, म्हणून ती वहीत लिहून ठेवण्याजोगी.

दिशा फिरवणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दिशेचे तीन घटक क, ख, ग धरू. ग हा पृष्ठभागातून आत, खोलीच्या दिशेने. फाय = 2 × पाय × र हा भोवतीचा कोन, रेडियनमध्ये. मू = √(1 − ग²). मग:

नवा क = क × को + सा × (क × ग × कॉस(फाय) − ख × साइन(फाय)) / मू

नवा ख = ख × को + सा × (ख × ग × कॉस(फाय) + क × साइन(फाय)) / मू

नवा ग = ग × को − सा × मू × कॉस(फाय)

झोत सरळ खाली पडत असेल तर सुरुवातीला क = 0, ख = 0, ग = 1. म्हणजे मू शून्य, आणि पहिल्याच टक्करीला शून्याने भागाकार. त्यासाठी ग ची निरपेक्ष किंमत 0.99999 पेक्षा जास्त असली की वेगळी वाट घ्यायची: नवा क = सा × कॉस(फाय), नवा ख = सा × साइन(फाय), नवा ग = को, आणि जुना ग ऋण असेल तर नव्या ग ला ऋण चिन्ह. हे चिन्ह विसरलं तर सरळ वर निघालेला इलेक्ट्रॉन अचानक खाली वळतो. अशी वेळ क्वचित येते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

तिन्ही नव्या किमती जुन्या किमतींवरूनच काढा. नवा क जुन्या जागी लिहून मग ख काढला की दिशेची लांबी 1 राहत नाही. तपासणी सोपी: प्रत्येक फेरीनंतर क² + ख² + ग² पाहा. तो 1 पासून दशलक्षांश भागाहून जास्त सरकत असेल तर सूत्रात चूक आहे. ती चूक झाकायला म्हणून दिशेला पुन्हा एकक लांबीची करू नका. आधी कारण शोधा, आणि मग आकड्यांच्या राउंडिंगच्या चुकीपुरतं दर काही पावलांनी ते खुशाल करा.

ऊर्जा कमी करणे

हान्स बेथे यांचं 1930 चं सूत्र इथे पायाभूत आहे. मूळ रूपातलं सूत्र कमी ऊर्जेला मोडतं. लॉगच्या आतली राशी 1 पेक्षा खाली गेली की ऱ्हास ऋण होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन ऊर्जा कमवू लागतो. सोन्यात हे 0.68 केईव्हीलाच घडतं. जॉय आणि लुओ यांनी 1989 साली सुचवलेली दुरुस्ती वापरली की हा प्रश्न सुटतो:

दर सेंटिमीटरला ऱ्हास = 78500 × घ × क्र / (भा × ऊ) × लॉग(1.166 × (ऊ + 0.85 × जे) / जे)

जे म्हणजे सरासरी आयनीकरण ऊर्जा, केईव्हीमध्ये. क्र 13 किंवा जास्त असेल तर जे = (9.76 × क्र + 58.5 / क्र^0.19) / 1000, त्याहून कमी असेल तर जे = 11.5 × क्र / 1000. सिलिकॉनसाठी 0.172 येतो. शेवटचा 1000 चा भागाकार विसरून 172 ठेवला तर प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, फक्त 20 केईव्हीला ऱ्हास सुमारे 40 पट कमी होतो आणि इलेक्ट्रॉन संपतच नाहीत. योग्य उत्तर: 20 केईव्हीला दर नॅनोमीटरला सुमारे 2.24 इलेक्ट्रॉनव्होल्ट.

पावलाच्या सुरुवातीच्या ऊर्जेवर ऱ्हास मोजला तर वरच्या ऊर्जेला काही बिघडत नाही, पण शेवटी शेवटी एखादं लांब पाऊल ऊर्जेचा मोठा तुकडा खातं. त्यापेक्षा अर्ध्या पावलावरची ऊर्जा काढून त्या ऊर्जेचा दर पूर्ण पावलाला लावा. एक जादा ओळ लागते आणि अचूकता बरीच वाढते.

ऊर्जा 0.5 केईव्हीखाली गेली की इलेक्ट्रॉन तिथेच थांबला असं धरा. सिलिकॉनमध्ये तिथून पुढची उरलेली धाव 10 नॅनोमीटरच्या आसपास असते. फक्त सिलिकॉनचे के-एक्स-रे हवे असतील तर 1.84 केईव्हीलाच थांबता येतं, कारण त्याखालचा इलेक्ट्रॉन ते निर्माणच करू शकत नाही. यात वेळेची मोठी बचत होते.

फेरीचा क्रम

इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर ठेवा. पाऊल काढा, तेवढा सरळ पुढे न्या, ऊर्जा वजा करा, खोली ऋण झाली का पाहा, ऊर्जा संपली का पाहा, आणि यानंतरच दिशा फिरवा. पहिलं पाऊल न वळता आत जायला हवं. पृष्ठभागावरच दिशा फिरवणारे प्रोग्रॅम झोत आधीच पसरवून आत सोडतात.

खोली ऋण झाली म्हणजे इलेक्ट्रॉन मागे परतला. तो मोजा, पण त्याची जागा आणि ऊर्जा नोंदवायची असेल तर पाऊल पृष्ठभागावर कापा: वापरलेलं पाऊल = सुरुवातीची खोली / ग ची निरपेक्ष किंमत. ऱ्हास तेवढ्याच लांबीचा धरा. नाहीतर परतलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पद्धतशीरपणे कमी दिसते आणि बाहेर पडण्याचं वर्तुळ मोठं होतं.

झोताला जाडी द्यायची असेल तर सुरुवातीची जागा गॉसियन वितरणातून घ्या. यंत्रावर लिहिलेली जाडी अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी असेल तर प्रमाण विचलनासाठी तिला 2.355 ने भागा. नमुना कललेला असेल तर नमुना न फिरवता झोताची दिशा फिरवा: क = कलाचा साइन, ग = कलाचा कोसाइन.

सिलिकॉनमध्ये 20 केईव्हीचा एक इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत 400 ते 500 टक्करी देतो. दहा हजार इलेक्ट्रॉन म्हणजे चाळीस-पन्नास लाख फेऱ्या. सी किंवा फोर्ट्रानमध्ये हे काम किरकोळ आहे. पायथनमध्ये साध्या लूपने चालवू नका, नंबा (पायथन कोड जलद करणारी लायब्ररी) वापरा.

संयुगं आणि थर

संयुगासाठी सरासरी अणुक्रमांक काढून एकच काल्पनिक मूलद्रव्य बनवण्याचा मोह होतो. तो टाळा. सिग्मा अणुक्रमांकाच्या सुमारे 1.33 घाताने वाढतो, त्यामुळे अशा सरासरीने विखुरण चुकतं. प्रत्येक मूलद्रव्यासाठी वजनी अंश × सिग्मा / भा काढा. त्यांची बेरीज × घ × 6.022 × 10²³ हा मुक्त मार्गाचा व्यस्त. टक्कर कोणाशी झाली ते त्या पदांच्या प्रमाणात यादृच्छिक अंकाने ठरवा आणि कोन त्याच मूलद्रव्याच्या अल्फाने काढा. ऱ्हासाची मात्र वजनी अंशाप्रमाणे सरळ बेरीज करायची. अंश वजनाचेच हवेत: सिलिकॉन डायऑक्साइडमध्ये सिलिकॉन 0.467, ऑक्सिजन 0.533. अणूंच्या संख्येचे एकतृतीयांश-दोनतृतीयांश टाकले तर उत्तर पटण्याजोगं पण चुकीचं येतं.

थर असतील तर सीमेवर थांबणं अनिवार्य आहे. सिलिकॉनवर 10 नॅनोमीटर सोनं आहे असं समजा. सिलिकॉनमधून वर येणाऱ्या इलेक्ट्रॉनचं एक पाऊल 24 नॅनोमीटरचं असू शकतं. ते सीमेवर कापलं नाही तर तो इलेक्ट्रॉन सोन्याच्या पाच मुक्त मार्गांतून एकही टक्कर न देता उडी मारून बाहेर जातो. सीमेपर्यंत न्या, तेवढी ऊर्जा वजा करा, दिशा तशीच ठेवा आणि नव्या थराच्या लॅम्डाने नवं पाऊल काढा. घातांकी वितरणाला मागचं काही आठवत नसतं, म्हणून असं नवं पाऊल काढणं गणिताच्या दृष्टीने पूर्ण बरोबर आहे.

उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा

पहिली चाचणी मला सर्वांत आवडते. यादृच्छिक अंकांचं बीज (सुरुवातीची संख्या) तेच ठेवून घनता दुप्पट करा. सगळ्या लांब्या निम्म्या व्हायला हव्यात आणि परतलेल्यांची संख्या तंतोतंत तीच यायला हवी, कारण पाऊल आणि ऱ्हास दोन्ही घनतेशीच बांधलेले आहेत. आकडा हलला तर प्रोग्रॅममध्ये कुठेतरी लांबीचा स्थिरांक लपला आहे.

दुसरी: ऱ्हास सलग धरल्यामुळे आत संपणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनने चाललेली एकूण वाट जवळपास सारखी असली पाहिजे. ऱ्हासाच्या व्यस्ताचं 0.5 पासून सुरुवातीच्या ऊर्जेपर्यंत संकलन करून ती लांबी वेगळी काढा आणि ताडा. विखुरण चुकलं तरी ही चाचणी उत्तीर्ण होते, त्यामुळे दोष ऊर्जेच्या भागात आहे की कोनाच्या, हे लगेच कळतं.

सरळ पडणाऱ्या झोतासाठी आडव्या दोन्ही दिशांची सरासरी सांख्यिकी चुकीच्या आत शून्य हवी. ती एका बाजूला झुकत असेल तर फाय अंशांत गेला आहे का, किंवा दिशेच्या सूत्रात चिन्ह चुकलं आहे का, ते पाहा.

मग प्रयोगाशी तुलना. 20 केईव्हीच्या आसपास सरळ पडणाऱ्या झोतासाठी मागे परतण्याचं प्रमाण कार्बनला सुमारे 0.06, सिलिकॉनला 0.16, तांब्याला 0.30, सोन्याला 0.49 असतं. सिलिकॉनला 0.4 आलं तर प्रोग्रॅम चुकला आहे. काही शतांशांचा फरक मात्र मॉडेलचा असू शकतो, तो दाबण्यासाठी स्थिरांकांत फेरफार करू नका. खोलीचा अंदाज कनाया-ओकायामा सूत्राने घ्या: 0.0276 × भा × ऊ^1.67 / (क्र^0.89 × घ) मायक्रोमीटर. 20 केईव्हीला सिलिकॉनसाठी 4.7 आणि सोन्यासाठी 0.86. तुमच्या ढगाची सीमा याच्या जवळपास यावी. सरासरी खोली अर्थातच बरीच कमी असेल.

किती इलेक्ट्रॉन पुरेत? परतण्याचं प्रमाण प असेल तर प्रमाण चूक √(प × (1 − प) / संख्या). तांब्यासाठी एक हजार इलेक्ट्रॉनांना ती 0.0145, दहा हजारांना 0.0046. एक दशांश स्थान जास्त हवं तर शंभरपट इलेक्ट्रॉन. समांतर चालवताना प्रत्येक प्रक्रियेला वेगळं बीज द्या. एकच बीज आठ कोअरवर गेलं तर तेच इलेक्ट्रॉन आठदा मोजले जातात आणि चूक खोटी लहान दिसते.

लिथोग्राफीसाठी ऊर्जेचं त्रिज्येनुसार वितरण काढताना दोन गोष्टी पाळा. डबे (त्रिज्येचे टप्पे) लॉग पट्टीवर घ्या, कारण नॅनोमीटरपासून मायक्रोमीटरपर्यंतचा पल्ला एकाच आलेखात बसवायचा असतो. आणि प्रत्येक डब्यातली ऊर्जा त्या कड्याच्या क्षेत्रफळाने, म्हणजे पाय × (बाहेरची त्रिज्या² − आतली त्रिज्या²) ने, भागा. पावलाची सगळी ऊर्जा त्याच्या शेवटच्या टोकाला टाकू नका. पावलाचे तुकडे करून ती वाटेवर पसरा, नाहीतर रेझिस्टच्या (झोताला संवेदनशील लेपाच्या) पातळ थरात नुसता गोंगाट दिसतो.

हे मॉडेल कुठे सोडायचं

जड मूलद्रव्यं आणि काही केईव्हीखालची ऊर्जा इथे रदरफर्ड सूत्र कमी पडतं. सोन्यात 2 केईव्हीचा झोत असेल तर मॉट यांचे क्रॉस सेक्शन लागतात. नेव्हिल मॉट यांनी ते 1929 साली सापेक्षतावादी डिरॅक समीकरणावरून मांडले. त्यांना सुटसुटीत सूत्र नाही, कोष्टकं वापरावी लागतात. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेचा इलास्टिक विखुरणाचा डेटाबेस त्यासाठी आहे, किंवा एलसेपा प्रोग्रॅमने स्वतः काढता येतात. कोष्टक वापरताना प्रत्येक ऊर्जेसाठी कोनाचं संचयी वितरण आधीच तयार ठेवा. दोन ऊर्जांच्या मधल्या किमतीसाठी दोन्ही कोनांची सरासरी घेण्यापेक्षा ऊर्जेच्या लॉगमधल्या अंतराच्या प्रमाणात त्या दोनपैकी एक कोष्टक यादृच्छिकपणे निवडा. हे जलदही आहे आणि वितरणाचा आकारही बिघडत नाही.

50 इलेक्ट्रॉनव्होल्टखालचे दुय्यम इलेक्ट्रॉन या मॉडेलमध्ये नाहीतच. त्यांना प्रत्येक इनइलास्टिक (ऊर्जा गमावणारी) टक्कर स्वतंत्र धरावी लागते. पातळ पापुद्र्यातून पार गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पसाराही इथून मिळणार नाही, कारण सलग ऱ्हासात नशिबाला जागा नसते. आणि अणू यादृच्छिक विखुरलेले धरले आहेत, त्यामुळे स्फटिकातलं चॅनेलिंग, म्हणजे अणूंच्या रांगांमधून इलेक्ट्रॉनचं निसटत जाणं, यात दिसत नाही. एकाच स्फटिकाच्या अक्षावर झोत असेल तर मोजमाप आणि सिम्युलेशन यांत फरक पडेल आणि तो खरा असेल.

तयार साधनांत शेरब्रुक विद्यापीठात घडलेलं कॅसिनो मायक्रोस्कोपीच्या रोजच्या कामाला सोपं, बार्सिलोनातलं पेनेलोप भौतिकीत काटेकोर, आणि गुंतागुंतीच्या आकारांसाठी जीअँट-4. यांपैकी कोणतंही वापरलं तरी शुद्ध सिलिकॉन, 20 केईव्ही, सरळ झोत हीच पहिली धाव ठेवा आणि उत्तर स्वतःच्या शंभर ओळींच्या प्रोग्रॅमशी लावून पाहा. फरक निघाला तर आधी पॅकेजमध्ये कोणता क्रॉस सेक्शन निवडला आहे आणि घनता काय घेतली आहे ते तपासा. घनतेची पूर्वनियोजित किंमत तुमच्या पातळ थराच्या खऱ्या घनतेपेक्षा बहुधा जास्त असते.